शिळ्या संदेशांची वेळ : वाडी, एप्रिल २०२१

९ एप्रिल २०२१ च्या रात्री नागपूरच्या पश्चिमेला, अमरावती मार्गावर वसलेल्या वाडीतील एका खाजगी कोविड रुग्णालयाला आग लागली. चार रुग्ण दगावले. उरलेल्यांना त्याच रात्री अन्य रुग्णालयांत हलवावे लागले. शहरात एकेक खाट मिळवण्यासाठी धावाधाव चाललेली असताना एक अख्खे रुग्णालय काही तासांत वापरातून बाद झाले.

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी. त्या दिवशी सायंकाळपर्यंत तयार झालेल्या ज्या ज्या यादीत त्या रुग्णालयाच्या खाटा मोजलेल्या होत्या, ती प्रत्येक यादी रात्री चुकीची ठरली. कोणी खोटे बोलले नव्हते. लिहिताना ती माहिती खरी होती आणि पुढे पाठवली जाताना ती खरी उरली नव्हती. ट्विटरच्या इतिहासात ‘खोट्या बातम्यां’विषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, खऱ्या पण शिळ्या झालेल्या बातमीविषयी फार थोडे. हा थ्रेड त्या दुसऱ्या प्रकाराचा आहे, आणि तो समजायला हॅशटॅग व स्वयंचलित संदेश या दोन यंत्रणांचा जन्म पाहावा लागतो.

ट्विटर जुलै २००६ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, ते मुळात मोबाइलवरच्या एसएमएसचे अपत्य म्हणून. एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची. त्यातली २० खातेदाराच्या नावासाठी राखून १४० उरली. विषयवार वर्गवारी, दालने, कप्पे असे काहीही त्यात नव्हते. सगळे एकाच प्रवाहात वाहत असे, नवे वर आणि जुने खाली. म्हणूनच त्याला ‘टाइमलाइन’ हे नाव शोभत होते.

या प्रवाहाला कप्पे हवेत, असे वाटणाऱ्यांपैकी ख्रिस मेसिना हे एक. इंटरनेटवरील जुन्या आयआरसी गप्पांच्या दालनांना ‘#’ हे चिन्ह लावण्याची रीत होती. ती उचलून २३ ऑगस्ट २००७ रोजी त्यांनी ‘#बारकॅम्प’ असे उदाहरण देत ट्विटरवर सूचना मांडली. कंपनीने ती फारशी मनावर घेतली नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो परिसरात वणवे पेटले, तेव्हा तिथल्या एका रहिवाशाने मेसिनांच्या सुचवणुकीवरून ‘#सॅनडिएगोफायर’ ही खूण वापरून रस्ते, स्थलांतर आणि आगीची दिशा यांची माहिती देणे सुरू केले. हॅशटॅगचा पहिला ठळक उपयोग आपत्तीत झाला, ही गोष्ट पुढच्या कथेसाठी महत्त्वाची आहे. २००९ च्या जुलैत ट्विटरने हॅशटॅगला दुवा जोडला, आणि लोकांची रीत ही यंत्रणेची रीत झाली.

हॅशटॅग म्हणजे अक्षरशः जुळणारी अक्षरे, याहून अधिक काही नाही. त्याला अर्थ कळत नाही, ठिकाण कळत नाही. देवनागरीत तर आरंभी त्याला अक्षरही नीट कळत नव्हते. संगणकाच्या हिशेबी काना, मात्रा, वेलांटी ही मूळ अक्षराला जोडून येणारी वेगळी चिन्हे असतात, आणि हॅशटॅग कुठे संपतो हे ओळखणाऱ्या सूत्रात त्यांची गणना नव्हती. त्यामुळे ‘#नागपूर’ लिहिले की दुवा ‘न’वरच तुटत असे. पुढे ही त्रुटी दूर झाली, पण तोवर मराठी माणसांना हॅशटॅग रोमन लिपीत लिहिण्याची सवय जडून गेली होती. शिवाय नागपूर की नागपुर, ऑक्सिजन की ऑक्सीजन की प्राणवायू? प्रमाणलेखनाचे वाद मराठीत हौसेने चालतात; यंत्राला मात्र या प्रत्येक रूपाचा वेगळा कप्पा करावा लागतो.

‘वाडी’ हे नाव तर हॅशटॅगच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगीच. महाराष्ट्रात वाड्या किती, याची मोजदाद कोण ठेवील? कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात वाडी नावाचे मोठे रेल्वे जंक्शन आहे, ते वेगळेच. नागपूरची वाडी म्हणजे अंबाझरीच्या आयुध निर्माणीच्या शेजारची, गोदामांची आणि मालमोटारींची वाडी. तिची स्वतःची नगर परिषद आहे. नागपूर महानगरपालिकेच्या हद्दीत ती येत नाही. आजारी माणसाला ही हद्द दिसत नाही, पण खाटांचे तक्ते हद्दीनुसार बनतात. म्हणून वाडीच्या माणसाला मदत मागायची असेल, तर ‘नागपूर’च्या प्रवाहातच उडी घ्यावी लागे, आणि त्या प्रवाहात विदर्भ, मध्य प्रदेश व छत्तीसगडहून उपचारांसाठी येणाऱ्यांचीही गर्दी असे.

आता दुसरी यंत्रणा. माणसाविना संदेश पाठवणारी यंत्रे ट्विटरपेक्षा बरीच जुनी आहेत, आणि त्यांनी घातलेला गोंधळही तितकाच जुना आहे. ३१ मार्च १९९३ रोजी यूजनेट या चर्चाजालावर रिचर्ड डेप्यू यांनी नको असलेले संदेश आपोआप मागे घेणारी एक आज्ञावली सुरू केली. तीत एक चूक राहून गेली होती. ती स्वतःच्याच संदेशांना उत्तर देऊ लागली, मग त्या उत्तराला उत्तर, आणि पाहता पाहता एका चर्चागटात सुमारे २०० संदेशांची रास पडली. रखवालदारच दंगा करू लागला. या प्रसंगी लोकांनी वापरलेला ‘स्पॅम’ हा शब्द पुढे जगभर रुळला.

ई-मेलच्या जगाने यावरून धडा घेतला. २००४ साली ठरलेल्या एका प्रमाणानुसार, आपोआप निघालेल्या पत्राने माथ्यावर तशी खूण वागवावी आणि अशी खूण असलेल्या पत्राला दुसऱ्या यंत्राने आपोआप उत्तर देऊ नये, असा संकेत रूढ झाला. साधा, शहाणपणाचा संकेत. ट्विटरने तो उचलला नाही. तिथे यंत्राचे खाते आणि माणसाचे खाते टाइमलाइनवर सारखेच दिसत. स्वयंचलित खात्यांनी स्वेच्छेने लावायची पाटी कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्ये चाचणीसाठी आणली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वांना दिली. नागपूरचा एप्रिल तोवर उलटून गेला होता.

मधल्या काळात कंपनीचे लक्ष दुसऱ्या धोक्याकडे लागले होते. अमेरिकेतील २०१६ च्या निवडणुकीनंतर, अनेक खात्यांतून एकच मजकूर एकाच वेळी सोडून हॅशटॅग वर चढवण्याच्या धंद्यावर टीकेची झोड उठली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ट्विटरने या प्रकाराला बंदी घातली. ट्वीटडेकमधून एका कळीने अनेक खात्यांतून तेच ट्वीट, तेच रिट्वीट करण्याची सोय काढून घेतली. ऑगस्ट २०२० मध्ये, जसाच्या तसा चिकटवलेला मजकूर कमी दाखवला जाईल, असेही जाहीर केले. राजकीय प्रचाराच्या दृष्टीने हे नियम रास्तच होते. पण या सगळ्या नियमांमागे एक गृहीतक होते: तेच ते पुन्हा पुन्हा लिहितो, तो लबाड.

एप्रिल २०२१ मध्ये ते गृहीतक कोलमडले. नागपूर जिल्ह्यात काही दिवशी ७ हजारांहून अधिक नवे रुग्ण नोंदले जात होते. रेमडेसिविरसाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला हस्तक्षेप करावा लागला. १९ एप्रिलला खंडपीठाने नागपूरला १० हजार कुप्या देण्याचे आदेश राज्य शासनाला दिले. रुग्णालयांचे दूरध्वनी लागत नव्हते. अशा वेळी फोन हातात असलेला भाचा, पुतण्या, शेजारचा विद्यार्थी ट्विटरकडे वळला.

त्याच्या संदेशाचा साचा अवघ्या काही दिवसांत ठरून गेला. रुग्णाचे नाव, वय, रक्तगट, प्राणवायूची पातळी, ठिकाण, काय हवे आहे ते, आणि नातेवाइकाचा क्रमांक. मग हाच मजकूर मंत्री, अभिनेते, पत्रकार, डॉक्टर, स्वयंसेवक यांच्या नावांखाली एकामागून एक चिकटवायचा. यंत्राच्या नजरेने पाहिले तर हे वर्तन आणि एखाद्या विक्रेत्याचे स्पॅम यांत काही फरक नाही. एकच मजकूर, अनोळखी खात्यांना उद्देशून, मिनिटामिनिटाला. ज्याला श्वास पुरत नव्हता, त्याच्या घरचा माणूस नेमके तेच करत होता जे नियमांनी निषिद्ध ठरवले होते.

याच्या जोडीला रिट्वीट करणारी यंत्रेही होतीच. ठरावीक हॅशटॅग दिसला, किंवा कोणी उल्लेख केला, की आपोआप पुढे पाठवायचे, एवढेच त्यांचे काम. हेतू चांगला होता आणि त्यांच्यामुळे हाक दूरवर गेली, हे मान्यच केले पाहिजे. पण अशा यंत्राला ‘खाट मिळाली’ हे कळत नाही आणि ‘रुग्ण गेला’ हेही कळत नाही. एकेका हाकेचे प्रतिध्वनी मूळ हाक थांबल्यावर दोन-दोन दिवस घुमत राहत. मृत्यू झालेल्या घरात ‘प्राणवायू मिळाला का?’ असे विचारणारे फोन जात, आणि ते करणाऱ्यांना दोष तरी कसा द्यावा?

यात टाइमलाइनने आणखी भर घातली. २०१६ पासून ट्विटरचा मुख्य प्रवाह काळाच्या क्रमाने चालत नव्हता; यंत्राला महत्त्वाचे वाटेल ते वर येई. शोध घेतल्यावरही आधी ‘टॉप’ दिसे, ‘लेटेस्ट’साठी वेगळी कळ दाबावी लागे. ‘टॉप’ म्हणजे ज्यावर सर्वाधिक लोकांनी प्रतिसाद दिला ते. प्रतिसाद जमायला वेळ लागतो, म्हणजे वर येणारे ट्वीट स्वभावतःच जुने. गाण्याच्या वा क्रिकेटच्या चर्चेत हे चालून जाते. सिलिंडरच्या शोधात मात्र सर्वाधिक फिरलेला क्रमांक म्हणजे सर्वाधिक लोकांनी फोन करून रिकामा केलेला क्रमांक.

भारतीय तारखाते १४ जुलै २०१३ च्या रात्री बंद झाले, त्याला तेव्हा आठ वर्षेही झाली नव्हती. तारेच्या कागदावर मजकुराआधी दोन गोष्टी असत: तार कुठल्या कार्यालयातून निघाली आणि किती वाजता दिली गेली. वाचणारा आधी तिकडे पाही, मग मजकुराकडे. आणि तार एकदा ज्याची त्याला पोचली की तिचे आयुष्य संपे. ट्वीटवरही वेळ छापलेली असते, हे खरे. पण ती ट्वीट लिहिल्याची वेळ. त्यातल्या माहितीची वेळ निराळी. कोणी सकाळच्या यादीचे छायाचित्र सायंकाळी चढवले, तर ट्विटर त्यावर सायंकाळचा शिक्का मारणार.

कंपनीच्या यंत्रणेला जे जमत नव्हते, ते वापरणाऱ्यांनी हाताने उभे केले. एका तरुण भारतीय अभियंत्याने एक साधे पान तयार केले. शहर निवडा, हवी ती वस्तू निवडा, आणि ते पान ट्विटरच्या शोधाचे तयार सूत्र करून देई. त्या सूत्रातली खरी अक्कल वगळण्याच्या शब्दांत होती. ‘व्हेरिफाइड’ हा शब्द असलेली ट्वीट्स हवीत. पण ‘नॉट व्हेरिफाइड’, ‘नीड’, ‘नीडेड’, ‘रिक्वायर्ड’ हे शब्द असलेली नकोत. कारण हॅशटॅगमध्ये मागणारे आणि देणारे एकाच खुणेखाली उभे होते. ‘#ऑक्सिजन’ शोधले तर प्राणवायू हवा असणारे हजार आणि तो असणारा एखादा, असा तो ढीग. मागणाऱ्यांचे शब्द वजा केले की देणारे उरत. हॅशटॅगने जे एकत्र गोळा केले, ते या वजाबाकीने वेगळे केले.

या वजाबाकीची किंमतही होती. ‘नीडेड’ वगळले की मदत करायला निघालेल्या माणसाला गरजूच दिसेनासे होत. त्याला उलट सूत्र लागे. आणि सगळे शब्द इंग्रजी. ‘खाट पाहिजे’ असे साध्या मराठीत लिहिणारा वाडीतला माणूस गाळणीच्या दोन्ही बाजूंना बहुधा सापडतच नसे.

स्वयंसेवकांची दुसरी रीत याहून मोलाची. यादीतल्या प्रत्येक क्रमांकावर स्वतः फोन करायचा आणि मग लिहायचे: ‘दुपारी ४ वाजून १५ मिनिटांनी खात्री केली’. तासाभराने पुन्हा फोन. उचलला नाही, तर तसे लिहायचे. काम झाले की मूळ ट्वीटखाली ‘मिळाले’ असे उत्तर, आणि जमल्यास ट्वीट पुसून टाकण्याची विनंती. तारेच्या कागदावरची वेळ अशी पुन्हा परत आली, तीही कोणी शिकवल्यावाचून. घरी बसून दिवसाला शेकडो फोन करणाऱ्या या मुलामुलींना कसलेच अधिकारपद नव्हते. अनेक मुलींना आपला क्रमांक उघड केल्याबद्दल घाणेरड्या फोनचा त्रास सोसावा लागला. आगाऊ पैसे घेऊन गायब होणारे प्राणवायूचे बनावट विक्रेतेही याच हॅशटॅगच्या आडून वावरत होते.

शासनाची दृष्टी या सुमारास तिसरीकडेच होती. एप्रिलच्या अखेरीस केंद्र सरकारच्या सूचनेवरून साथीच्या हाताळणीविषयीची सुमारे ५० ट्वीट्स भारतात दिसेनाशी करण्यात आली, आणि त्यांत टीका करणारी ट्वीट्सही असल्याने मोठा गदारोळ झाला. ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान मानला जाईल. हाक मारण्याचा हक्क शाबूत राहिला. शिळी हाक कोणी काढायची, हा प्रश्न कोणाच्याही पटलावर आला नाही.

यातला एक उपरोध नोंदवण्याजोगा आहे. २४ तासांनी आपोआप नाहीसा होणारा संदेश तेव्हा ट्विटरवरच उपलब्ध होता. ‘फ्लीट्स’ नावाची ही सोय भारतात जून २०२० मध्येच आली होती, जगाच्या बऱ्याचशा भागाच्या आधी. शिळे होणे या दुखण्यावरचा उतारा हातात होता, असे म्हणता येईल. पण फ्लीट रिट्वीट करता येत नसे आणि शोधातही सापडत नसे. ज्याला पसरण्याची गरज, ते कधी मरत नव्हते. जे मरत होते, ते पसरू शकत नव्हते. ३ ऑगस्ट २०२१ रोजी फ्लीट्स बंद करण्यात आले. लोक वापरत नाहीत, हे कारण.

अन्य देशांनी हा अनुभव आधीच घेतला होता. मार्च २०११ च्या भूकंपानंतर जपानमध्ये बचावाच्या हाकेसाठी ठरावीक हॅशटॅग सुचवले गेले, आणि बचाव झाल्यावरही त्या हाका फिरतच राहिल्या. तेव्हापासून, सुटका झाली की ट्वीट पुसावे, ही शिस्त तिथे सांगितली जाऊ लागली. डिसेंबर २०१५ च्या चेन्नईच्या पुरातही हॅशटॅगच्या आधाराने स्वयंसेवकांनी याद्या चालवल्या. प्रत्येक आपत्तीत तोच शोध नव्याने लावावा लागला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये यंत्रांना मिळणारा विनामूल्य प्रवेश काढून घेण्याची घोषणा झाली. हवामान, भूकंप, रेल्वे यांची सूचना देणारी कितीतरी उपयोगी स्वयंचलित खाती यात बंद पडली किंवा अडखळली. सशुल्क निळी खूण आणि त्याच वर्षी सुरू झालेला जाहिरातीच्या उत्पन्नातला वाटा यांमुळे, ज्याचे ट्वीट अधिक पाहिले जाईल त्याला पैसे मिळू लागले.

त्याचा परिणाम १ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी जपानच्या नोतो द्वीपकल्पात दिसला. भूकंपानंतर ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांच्या नावाने आलेल्या हाका जशाच्या तशा उचलून, पत्त्यांसह, परदेशांतल्या अनेक खात्यांनी पुन्हा पुन्हा चढवल्या. जपानी भाषेशी त्यातल्या पुष्कळांचा संबंधही नव्हता. हॅशटॅग वर आहे, एवढेच पुरे होते. खोट्या हाकांमुळे बचाव पथकांचा वेळ वाया गेला, आणि पंतप्रधान किशिदा यांना खोटी माहिती पसरवू नका, असे आवाहन करावे लागले. नागपुरात भाच्याने जीव काढून जे केले, ते इथे कोणी तरी दर हजार नजरांमागे मिळणाऱ्या पैशासाठी करत होते. आणि टाइमलाइनवर दोन्ही ट्वीट्स सारखीच दिसतात: तोच मजकूर, तोच हॅशटॅग, वर ताजी वेळ.